चिनी तत्त्वज्ञान मुळातून वाचताना: ‘ली’ नक्की किती, आणि संस्कृत येत असेल तर फायदा की अडचण?

शंकेखोर

कन्फ्यूशियसचा विचार आणि चिनी बौद्ध विचार दोन्ही एकत्र अभ्यासायचे आहेत. ‘लुन्‌यू’ची, म्हणजे कन्फ्यूशियसच्या संवादांची, दोन इंग्रजी भाषांतरं वाचली, दोन्ही एकमेकांशी इतकी भांडतात की आता मूळ उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. संस्कृत बऱ्यापैकी येतं, चिनी अक्षरं शून्यापासून. रोज एक तास, एक वर्ष, एवढी तयारी आहे. अडलंय ते असं:

१. ‘लुन्‌यू’त ‘ली’ म्हणजे विधी. झू शीकडे (बाराव्या शतकातला कन्फ्यूशियस-परंपरेचा टीकाकार) ‘ली’ म्हणजे विश्वाचं तत्त्व. हुआयेन या चिनी बौद्ध पंथाकडेही ‘ली’ आहेच. विधीचं तत्त्व झालं कधी? दुवा सापडत नाही.

२. वहीत तक्ता केला आहे: रेन = करुणा, दाओ = धर्म, शिन = चित्त. दर दोन पानांनी तक्ता मोडतो. तक्ता चुकीचा की वाचन?

३. बौद्ध ग्रंथांचे संदर्भ ‘त३०, क्र. १५६४, ३३ब११’ असे दिसतात. हे उलगडायचं कसं? आणि ‘लुन्‌यू’तला एकच उतारा दोन पुस्तकांत वेगवेगळ्या क्रमांकाने का येतो?

४. सुरुवात कुठून? आणि आधी आधुनिक चिनी शिकायलाच हवी का?

तळटीप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे: विधीचं तत्त्व कधीच झालं नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत, वेगळ्या अक्षरांचे. देवनागरीत (आणि रोमनमध्येही) लिहिलं की एक दिसतात, एवढंच.

विधीचा ‘ली’: डावीकडे वेदी-देवता सुचवणारा भाग, उजवीकडे विधीचं पात्र. तत्त्वाचा ‘ली’: डावीकडे जेड रत्न, उजवीकडे ‘गाव’ या अर्थाचं अक्षर, ते फक्त उच्चारासाठी. इ. स. १००च्या सुमाराचा शू शेनचा कोश या दुसऱ्या ‘ली’चा अर्थ ‘जेड घडवणं’ असा देतो. रत्नाच्या अंगच्या रेघा बघून कापायचं, म्हणजे ते फुटत नाही. पुढे ‘वस्तूच्या अंगची रचना’ आणि शेवटी ‘तत्त्व’ असा तो शब्द मोठा होत गेला. गंमत म्हणजे हा दुसरा ‘ली’ ‘लुन्‌यू’त एकदाही येत नाही. ‘मेंगत्झ’मध्ये, म्हणजे कन्फ्यूशियसनंतरच्या त्याच परंपरेतल्या मेंगत्झच्या ग्रंथात, तुरळक येतो (६अ७: सगळ्यांच्या हृदयांना जे सारखंच पटतं ते म्हणजे ‘ली’ आणि ‘यी’, म्हणजे योग्य वागणं). तिसऱ्या शतकात टीकाकार वांग बी त्याला वजन देतो, चौथ्या शतकातले बौद्ध भिक्षू तो उचलतात, हुआयेन परंपरा ‘ली’ (तत्त्व) आणि ‘शर’ (घटना) अशी जोडी लावते, आणि अकराव्या शतकात छेंग बंधूंकडून तो झू शीकडे (११३०–१२००) येतो.

तरी दुवा सापडत नाही असं तुम्ही म्हणता, तर एक दुवा आहे आणि तो मुद्दाम बांधलेला आहे. ‘लीजी’ या विधिग्रंथात एक वाक्य आहे: ‘ली(विधी) म्हणजे ली(तत्त्व)’. ती शब्दक्रीडा झाली. झू शीने मात्र ‘लुन्‌यू’ १.१२ वरच्या टीकेत विधीची व्याख्याच अशी केली: स्वर्गीय तत्त्वाला दिलेला आकार आणि मर्यादा, माणसांच्या व्यवहारातला नियम. झू शीच्या टीकेवर आधारलेलं भाषांतर वाचलंत तर कन्फ्यूशियस सतराशे वर्षं आधीच तत्त्वज्ञानी ‘ली’ बोलतोय असं वाटणारच. तुमचा गोंधळ बहुधा तिथूनच आला आहे.

वहीत नुसतं ‘ली’ कधीही लिहू नका. स्वराचा (उच्चाराच्या चढ-उताराचा) आकडा घालूनही भागत नाही, कारण विधी, तत्त्व आणि गाव हे तिन्ही ‘ली’ आजच्या उच्चारात तिसऱ्या स्वराचेच आहेत. फक्त लाभाचा ‘ली’ चौथ्या स्वराचा. म्हणून शेपूट लावा: ली-विधी, ली-तत्त्व, ली-लाभ, ली-गाव. हीच काळजी ‘शिन’बाबत: शिन-हृदय (पहिला स्वर) आणि शिन-विश्वास (चौथा). ‘महायान-श्रद्धोत्पाद’ या ग्रंथाच्या नावातला शिन विश्वासाचा, आत चर्चा सगळी हृदय-शिनची. नाव आणि विषय एकच समजून गाडी रुळावरून घसरल्याची उदाहरणं कमी नाहीत. आणि ‘खोंग’: कन्फ्यूशियसचं आडनाव तिसऱ्या स्वरात, शून्यतेचा ‘खोंग’ पहिल्या स्वरात. काही संबंध नाही.

आता तक्ता. ‘रेन = करुणा’ आधी खोडा. चिनी बौद्ध ग्रंथांत मैत्री म्हणजे ‘त्स’, करुणा म्हणजे ‘बेइ’. रेन हा करुणेचा प्रतिशब्द मानला की दोन्ही परंपरांच्या वह्या एकमेकींत मिसळतात. शिवाय ‘लुन्‌यू’ १२.१ मध्ये ‘स्वतःला आवरून विधीकडे परतणं म्हणजे रेन’ असं आहे. तिथे करुणा बसवून बघा, वाक्य उभंच राहत नाही. विहिरीकडे रांगत जाणारं मूल बघून काळजात चर्र होतं, त्यात रेनचा कोंब दिसतो, हा युक्तिवाद मेंगत्झचा (२अ६). तो अर्थ दीडशे वर्षं मागे ढकलू नये.

मराठीत मला ‘माणुसकी’ जवळचा वाटतो, आणि भावनेपायी नव्हे. ‘झोंगयोंग’ या कन्फ्यूशियस-परंपरेतल्या ग्रंथात ‘रेन झ रेन ये’ असं वाक्य आहे. पहिला रेन सद्गुण, दुसरा रेन माणूस, उच्चार एकच. ‘माणुसकी म्हणजे माणूस असणं’ म्हटलं की ती कोटी मराठीत जशीच्या तशी उतरते. ‘झ… ये’ ही रचना म्हणजे आपलं ‘म्हणजे… होय’. क्रियापद नसलेलं वाक्य मराठी माणसाला परकं नाही. हा फायदा मोजून घ्या. फक्त ‘माणुसकी’त आपण दयेकडे झुकतो, तेवढं सावध राहायचं.

आणि ‘माणूस + दोन = रेन, म्हणजे दोन माणसांमधलं नातं’ हे सुंदर स्पष्टीकरण जपून वापरा. १९९३ मध्ये हूबेइ प्रांतात क्वोद्येन इथे सुमारे ८०० बांबूपट्ट्या मिळाल्या, इ. स. पू. ३००च्या आसपासच्या. त्यांत रेन हे अक्षर ‘वर शरीर, खाली हृदय’ असं लिहिलेलं आहे. ‘दोन माणसं’वर उभारलेला सगळा इमला तिथे डळमळतो. अक्षर फोडून तत्त्वज्ञान काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. अक्षर लक्षात ठेवायला ते छान, पुरावा म्हणून कच्चं.

जुना बोरू

तळटीप यांनी कन्फ्यूशियसची बाजू मांडलीच आहे, मी बौद्ध बाजू आणि संस्कृतचं बोलतो. संस्कृत येणं हा मोठा फायदा आहे, पण पहिल्या सहा महिन्यांत तोच पाय घसरवतो. कारण चिनी वाक्याखाली संस्कृत वाक्य आहे असं गृहीत धरून आपण चिनी वाचणंच सोडून देतो.

तुमच्या तक्त्यातली ‘शिन = चित्त’ ही ओळ घ्या. शुआनझांगच्या (आपला ह्युएनत्संग, ६०२–६६४) नावावरचं प्रज्ञापारमिताहृदय फक्त २६० अक्षरांचं आहे. शीर्षकातला शिन म्हणजे हृदय, सार या अर्थी. आत ‘शिन वू ग्वा आइ’ येतं, तिथला शिन म्हणजे चित्त (संस्कृतात ‘अचित्तावरणः’). २६० अक्षरांत एकाच अक्षराला दोन संस्कृत शब्द. योगाचार या बौद्ध पंथाच्या ग्रंथांत वाटणी काटेकोर असते: चित्त म्हणजे शिन, मनस् म्हणजे यी, विज्ञान म्हणजे शर. पण ती शिस्त सगळ्या अनुवादकांकडून अपेक्षू नका.

‘दाओ = धर्म’ तर दोन्ही बाजूंनी चुकतं. धर्मासाठी ‘फा’ आहे. दाओ हा बौद्ध चिनीत मार्ग (अष्टांगिक मार्ग), गती (षड्‌गतींना, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा गतींना, ‘ल्यू दाओ’ म्हणतात) आणि जुन्या अनुवादांत चक्क बोधी, अशा तिन्ही ठिकाणी येतो. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले अनुवादक निर्वाणाला ‘वू-वेइ’ आणि तथतेला (जे जसं आहे तसं असणं) ‘बेन-वू’ म्हणत. म्हणून शब्दाचा अर्थ लिहिताना अनुवादक आणि शतक लिहिलंच पाहिजे. आन शरगाव (इ. स. १४८ ला लुओयांगमध्ये), कुमारजीव (छांगआनमध्ये ४०१ पासून), शुआनझांग (६४५ नंतर): निदान एवढे तीन रकाने करा. ‘बौद्ध चिनीत दाओ म्हणजे काय’ हा प्रश्न रकान्याशिवाय निरर्थक आहे.

सरावासाठी वज्रच्छेदिकेचा शेवटचा श्लोक घ्या. संस्कृत:

तारका तिमिरं दीपो मायावश्याय बुद्बुदम् ।
स्वप्नं च विद्युदभ्रं च एवं द्रष्टव्य संस्कृतम् ॥

उपमा मोजा: तारका, तिमिर, दीप, माया, दव, बुडबुडा, स्वप्न, वीज, ढग. नऊ. कुमारजीवाकडे सहा आहेत: मेंग (स्वप्न), हुआन (माया), पाओ (बुडबुडा), यिंग (सावली), लू (दव), द्येन (वीज). चार गळल्या, आणि सावली नव्याने आली. शुआनझांगकडे नऊच्या नऊ, संस्कृतच्याच क्रमाने. शुआनझांगचं तिमिर म्हणजे डोळ्यावरचा पडदा, अंधार नव्हे. संस्कृत वैद्यकातला अर्थ त्याने बरोबर पकडला आहे, आपण मराठी माणसं तिथे हमखास अंधार वाचतो. आता यावरून ‘कुमारजीवाने काटछाट केली’ असं लगेच लिहू नका. त्याच्यासमोरची पोथी आजच्या संस्कृत पाठासारखीच होती असं मानायला आधार नाही. फरक नोंदवायचा, निवाडा मागे ठेवायचा.

दुसरं उदाहरण जास्त महत्त्वाचं आहे, कारण त्यावर एक अख्खी शाळा उभी आहे. तुम्ही दिलेला संदर्भ नेमका त्याचाच आहे, योगायोग म्हणा. नागार्जुनाची मूलमध्यमककारिका २४.१८:

यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे ।
सा प्रज्ञप्तिरुपादाय प्रतिपत्सैव मध्यमा ॥

‘सा’ स्त्रीलिंगी, म्हणून ती शून्यतेकडे जाते. म्हणजे शून्यता हीच उपादायप्रज्ञप्ती (कशाच्या तरी आधाराने दिलेलं नाव) आहे, तीच मध्यमा प्रतिपद आहे. कुमारजीवाचा चिनी श्लोक पाच अक्षरांच्या चार चरणांचा: ‘झोंग यिन युआन शेंग फा / वो श्वो जी शर वू / यी वेइ शर ज्या मिंग / यी शर झोंग दाओ यी’. शब्दशः: अनेक हेतुप्रत्ययांतून जन्मणारे धर्म, ते ‘नाही’च असं मी म्हणतो, ते कल्पित नावही आहेत, ते मध्यममार्गाचा अर्थही आहेत. दोन गोष्टी बदलल्या. कर्ता ‘प्रतीत्यसमुत्पाद’ होता, तो ‘उत्पन्न होणारे धर्म’ झाला. आणि चिनीत लिंग नाही, म्हणून ‘सा’ची दोरी तुटली आणि तिन्ही विधेयं एकाच कर्त्याला सारख्या अंतरावर लटकली. तियानताइ या चिनी बौद्ध शाळेचा झियी (५३८–५९७) त्यातून तीन सत्यं वाचतो: शून्य, कल्पित, मध्य. नागार्जुनाकडे त्याच प्रकरणात (२४.८) ‘द्वे सत्ये’ असं स्वच्छ आहे. झियीने चूक केली असं मला म्हणायचं नाही. चिनी वाक्य ते वाचन देतं, आणि त्याने ते पूर्ण जबाबदारीने पुढे नेलं. पण तियानताइचं मत नागार्जुनाच्या तोंडी घालू नये.

इथे एक कामाची खूण. कारिकेच्या लगेच खाली, त्याच पानावर, गद्य टीका आहे. ती म्हणते: शून्यही पुन्हा शून्य; केवळ जीवांना वाट दाखवण्यासाठी कल्पित नावाने सांगितलं. म्हणजे टीकेचं वाचन संस्कृतच्या जवळचं आहे. लोक कारिका उचलतात आणि टीका सोडतात, तिथेच फसतात. आणखी एक: तायशो आवृत्तीच्या पाठात (तिची उकल खाली) दुसऱ्या चरणाच्या शेवटी ‘वू’ (नाही) आहे, तियानताइ ग्रंथांत तोच चरण ‘खोंग’ (शून्य) असा उद्धृत होतो. उद्धरण कुठून घेतलं ते लिहा.

संदर्भाची उकल: ‘त’ म्हणजे तायशो आवृत्ती, टोकियो, १९२४ ते १९३४, एकूण १०० खंड. ३० हा खंड, १५६४ हा ग्रंथाचा अनुक्रमांक (संपूर्ण संचात एकच सलग), ३३ पान, ‘ब’ म्हणजे मधला पट्टा, ११ ही ओळ. प्रत्येक पानाला तीन आडवे पट्टे, पट्ट्याला २९ ओळी, ओळीला साधारण १७ अक्षरं. ग्रंथक्रमांक आणि पानक्रमांक यांची गल्लत ही नवशिक्याची नेहमीची चूक. दोन इशारे: तायशोची विरामचिन्हं बेभरवशाची आहेत, ती पुसून वाचा. आणि तळटीपांतली ‘सोंग’, ‘युआन’, ‘मिंग’ ही अक्षरं त्या-त्या काळच्या छापील आवृत्त्यांतले पाठभेद दाखवतात, ‘सान’ (तीन) म्हणजे तिघींतही तोच पाठभेद. मूळ पाठ बहुतांशी तेराव्या शतकातल्या कोरियन ठशांवरून घेतलेला आहे. तळटीप न बघता ‘मूळात असं आहे’ म्हणणं धाडसाचं.

विरामचिन्ह

चौथा प्रश्न कुणी घेतला नाही, मी घेतो. आणि तळटीप यांच्याशी एक मतभेदही आहे.

आधुनिक चिनी आधी नको. जुनी चिनी थेट सुरू करता येते. संस्कृत शिकण्यासाठी आधी हिंदी शिकत नाहीत. पण दोन अटी. एक, पारंपरिक अक्षरंच शिका. साध्या केलेल्या अक्षरांत ‘नंतर’ आणि ‘राणी’ एक झाले, ‘मी’ आणि ‘शिल्लक’ एक झाले; ‘लुन्‌यू’ १.६ मध्ये ‘शिल्लक बळ असेल तर ग्रंथ शिकावेत’ असं आहे, तिथे साध्या लिपीत ‘मी’चं अक्षर दिसतं. (आगाऊ सूचना: ‘दाश्युए’ या कन्फ्यूशियस-परंपरेतल्या छोट्या ग्रंथात ‘नंतर’साठी मुळातच ते ‘राणी’चं अक्षर वापरलं आहे, तिथे दचकू नका.) दोन, वर्षभरानंतर आधुनिक चिनी लागेलच, कारण चांगल्या सटीप आवृत्त्या त्या भाषेत आहेत, यांग बोजुनची १९५८ची ‘लुन्‌यू’ आवृत्ती आजही पहिली हाताशी घ्यावी अशी.

‘लुन्‌यू’ सुमारे १६,००० अक्षरांचं, त्यात वेगळी अक्षरं दीड हजाराच्या आसपास. वीस पुस्तकं, पण पहिल्यापासून विसाव्यापर्यंत सरळ वाचू नका. चौथं (२६ उतारे, बहुतेक एक-दोन ओळींचे), मग बारावं (२४), मग दुसरं (२४). बाराव्यात येन युआन, झोंगगोंग, सिमा न्यू आणि फान छर हे चौघेही शिष्य ‘रेन म्हणजे काय’ विचारतात आणि चौघांना चार वेगळी उत्तरं मिळतात; ती शेजारी-शेजारी लिहिली की शब्दकोशापेक्षा जास्त कळतं. दहावं पुस्तक (दरबारातलं चालणं-बोलणं) शेवटी ठेवा, तिथली भाषा कठीण आहे. १६ ते २० ही पुस्तकं नंतरची असावीत असा संशय त्स्वेइ शू (१७४०–१८१६) याने घेतला. सोळाव्यात ‘गुरू म्हणाले’ऐवजी ‘खोंगत्झ म्हणाले’ अशी सुरुवात येते ती बघा.

उताऱ्यांचे क्रमांक नंतरचे आहेत. काही संपादक दोन उतारे जोडतात, काही एकाचे दोन करतात, म्हणून एक-दोन आकड्यांचा फरक पडतो, आणि दहाव्या पुस्तकात तर त्याहून जास्त. उपाय साधा: क्रमांकाबरोबर उताऱ्याची पहिली चार अक्षरं लिहा.

आता पद्धत. संस्कृतवाल्यांना पदच्छेद आणि अन्वय माहीत असतात, तेच इथे करायचं; फक्त संधीऐवजी विरामचिन्हांचा अभाव. उतारा विरामचिन्हांशिवाय वहीत उतरवा. आधी निपात (वाक्याला वळण देणारे छोटे शब्द) शोधा: ‘ये’, ‘यी’, ‘हू’ बहुधा वाक्याच्या शेवटी, ‘फू’ आणि ‘गू’ सुरुवातीला. तिथे रेघा मारा. मग क्रियापदं. मग ‘झर’ हे सर्वनाम की षष्ठी, ते ठरवा. नामाच्या आधी असेल तर ‘चा-ची-चे’, क्रियापदाच्या मागे असेल तर ‘ते’. एवढं झाल्यावरच टीका उघडा.

हे का, ते ८.९ वर दिसतं. दहा अक्षरं आहेत: ‘मिन ख शर यौ झर बू ख शर झर झर’. पारंपरिक तोड पाच-पाच: ‘लोकांना त्या वाटेने चालवता येतं, त्यांना ते समजावता येत नाही.’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारकांत दुसरी तोड आवडती झाली: ‘लोक योग्य असतील, तर चालू द्या; नसतील, तर समजावून द्या.’ अचानक कन्फ्यूशियस लोकशिक्षणवादी! ऐकायला गोड. पण ‘ख शर’ (लावता येतं) ही जोडी ‘लुन्‌यू’त इतरत्र कायम एकत्र येते, ६.१ मध्ये ‘युंगला दक्षिणाभिमुख (म्हणजे राज्यकर्त्याच्या जागी) बसवता येईल’, ५.८ मध्ये तीन शिष्यांबद्दल तीनदा. ती जोडी फक्त ८.९ मध्ये तोडायची, तेही वाक्य आवडावं म्हणून, हे मला पटत नाही. मतं आवडीची असोत, पण तोड ग्रंथाच्या सवयीने ठरते.

मतभेद झू शीबद्दल. त्याच्या टीकेने गोंधळ होतो हे खरं, पण ती टाळून चालायचं नाही. १३१३ च्या फर्मानाने सरकारी परीक्षांत चार ग्रंथांसाठी (‘दाश्युए’, ‘लुन्‌यू’, ‘मेंगत्झ’, ‘झोंगयोंग’) त्याच्या टीका अधिकृत झाल्या आणि १९०५ ला परीक्षा बंद होईपर्यंत टिकल्या. जवळजवळ सहाशे वर्षांचा ‘कन्फ्यूशियस’ हा झू शीचा कन्फ्यूशियस आहे. क्रम असा ठेवा: मूळ, मग ‘हे येन’ नावाच्या संपादकाच्या संग्रहातल्या (तिसरं शतक) जुन्या टीका, मग झू शी. तिघांना तीन रंगांची शाई.

झू शीचा स्वतःचा क्रम मात्र पाळू नका. तो ‘दाश्युए’पासून सुरू करायला सांगतो, कारण त्यातून सगळ्या अभ्यासाचा आराखडा पक्का होतो; आणि ते छोटंही आहे, सुमारे १,७५० अक्षरांचं. पण त्याने त्या ग्रंथाचा क्रम बदलला आहे, आणि ‘ग-वू’ म्हणजे वस्तूंचा शोध घेण्यावरचा भाग हरवला आहे असं मानून १३४ अक्षरांचा परिच्छेद स्वतः लिहून घातला आहे. लपवलं नाही, सांगूनच घातला; पण नवशिक्या तो मूळ म्हणून पाठ करतो. पहिल्याच वाक्यातला ‘छिन मिन’ (लोकांशी जवळीक) छेंग यीच्या मागे जाऊन त्याने ‘शिन मिन’ (लोकांना नवं करणं) वाचला. वांग यांगमिंग (१४७२–१५२९) पुन्हा ‘छिन’वर आला. एका अक्षरावरून दोन शाळा कशा फुटतात ते इथे पाहता येतं, म्हणून ‘दाश्युए’ तिसऱ्या महिन्यात घ्या, पहिल्यात नाही.

तळटीप

झू शी टाळा असं माझं म्हणणं नव्हतं. पहिल्या वाचनात शेजारी नको, एवढंच. तीन शाया मान्य.

हुआयेनबद्दल एक राहिलं. झू शी ‘एक चंद्र सगळ्या पाण्यांत दिसतो’ हे बौद्ध वचन नाव घेऊन वापरतो, त्यामुळे ‘झू शी म्हणजे वेष बदललेला बौद्ध’ असं सोपं समीकरण मांडलं जातं. त्याचीच तक्रार उलटी आहे: बौद्धांचा ली पोकळ, आमचा ली भरीव. हुआयेनचा ‘ली’ शेवटी शून्यतेशी जोडलेला आहे. झू शीच्या ‘ली’त बापलेकाचं, राजा-मंत्र्याचं नातं सामावलेलं आहे. शब्द उसना, त्यातला माल स्वतःचा.

शंकेखोर

सगळ्यांचे आभार. तक्ता फाडला, तीन रकान्यांची नवी वही सुरू केली. तक्ता करणं म्हणजे ‘ग-यी’च झालं म्हणायचं का? आणि विरामचिन्ह यांच्या पद्धतीने ९.१ करून पाहिलं. आठ अक्षरं: ‘त्झ हान येन ली यू मिंग यू रेन’. निपात शेवटी नाहीत, म्हणून तोड नाही. माझा मराठी: ‘गुरू विधी, नियती आणि माणुसकी यांबद्दल क्वचित बोलत.’ पण विधी आणि माणुसकीबद्दल तर ते सतत बोलतात! कुठे चुकलं?

जुना बोरू

‘ग-यी’बद्दल: तो शब्द चौथ्या शतकातल्या झू फाया याच्या पद्धतीपुरता आहे; बौद्ध संख्यायाद्या (पाच स्कंध वगैरे) शिष्यांना बाहेरच्या ग्रंथांतल्या कल्पनांशी जोडून शिकवणं. दाओआनने (३१२–३८५) पुढे ती नापसंत केली. पहिल्या तीन शतकांच्या सगळ्या अनुवादांना ‘ग-यी’ म्हणायची सवय सामान्य पुस्तकांत आहे, ती सैल आहे. तुमचा तक्ता हा तक्ताच होता.

विरामचिन्ह

अक्षर बघा. धान्य आणि सुरी. हा ली-लाभ आहे, ली-विधी नव्हे. देवनागरीतून वाचलंत, अक्षरातून नाही. वर शेपटांची गोष्ट झाली आहे.

आता ‘लाभ, नियती आणि माणुसकी यांबद्दल क्वचित बोलत’. तरी तुमची अर्धी अडचण उरते, कारण रेन हा शब्द ग्रंथात शंभराहून जास्त वेळा आला आहे. यावर जुने दोन मार्ग. ‘हे येन’ आणि झू शी दोघेही ‘यू’ म्हणजे ‘आणि’ घेतात आणि ‘क्वचित’चं कारण देतात: या गोष्टी अवघड किंवा सूक्ष्म, म्हणून गुरू सहसा काढत नसत. शिष्यांनी विचारलं तेव्हा बोलले आणि तेच टिपलं गेलं, असं मग म्हणता येतं. दुसरा मार्ग ‘ली’नंतर तोडतो: ‘गुरू लाभाबद्दल क्वचित बोलत; नियतीच्या आणि माणुसकीच्या बाजूने असत.’ इथे ‘यू’ हे क्रियापद आहे, ११.२६ मधल्या ‘मी द्येनच्या (एका शिष्याच्या) बाजूचा’सारखं. अर्थ सरळ होतो, पण तिथे आणि ७.२९ मध्ये ‘यू’चं कर्म माणूस किंवा त्याचं वागणं आहे, नियती, माणुसकी अशा कल्पनांना तो लागलेला दिसत नाही. मी पहिल्याकडे झुकतो, पूर्ण समाधान न होता. वहीत दोन्ही तोडी लिहा आणि प्रत्येकीखाली ती कुणाची ते.

‘यू’लाही शेपूट लागेल, हे ओघाने आलंच: यू-आणि, यू-बाजूने. अक्षर एकच आहे, म्हणून या वेळी अक्षर बघूनही सुटका नाही.